हिरव्या दिव्याची हमी

मे महिन्यात महाड-पोलादपुरात दोन गोष्टींना बहर येतो : करवंदांना आणि मान्सूनपूर्व आढावा बैठकांना. करवंदं चार दिवसांत संपतात, बैठकीचं इतिवृत्त मात्र वर्षभर टिकतं. त्यात एक ओळ ठरलेली असते : 'वॉकीटॉकी संच उपलब्ध असून सुस्थितीत आहेत.' ओळ खोटी नसते. लिहिणाऱ्यानं कपाट उघडून संच मोजलेले असतात. ते चार्जरवर ओळीनं उभे असतात आणि प्रत्येकाच्या पायाशी हिरवा दिवा असतो. सुस्थितीला आणखी काय लागतं?

लागतं. हिरवा दिवा एवढंच सांगतो की चार्जरनं भरायचं थांबवलंय. पोटात किती गेलं, ते तो सांगत नाही. नवी बॅटरी भरली की दिवा हिरवा, आणि निम्मी मेलेली बॅटरी उरलेल्या निम्म्या पोटाएवढी भरली तरी हिरवाच. वर मेलेली बॅटरी लवकर भरते. त्यामुळे 'हा सेट बघा, तासाभरात फुल्ल होतो' असं तिचं कौतुक होतं आणि पावसात महत्त्वाच्या ठिकाणी नेमका तोच सेट पाठवला जातो.

पाऊस येतो तेव्हा काय होतं, हे या दोन तालुक्यांना समजावून सांगायला नको. २२ जुलै २०२१. वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री तिथेच उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडात उतरते. त्या दिवशी ती महाडच्या बाजारपेठेतून गेली. वीज गेली, मोबाइल मुके झाले, रस्ते पाण्याखाली किंवा दरडीखाली. दुपारनंतर तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. बाहेरची मदत तळियेपर्यंत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. जी गोष्ट आवाजाच्या वेगानं जायला हवी होती, ती चिखलातून चालत गेली.

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसकट वाहून गेला. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. बसमधला एकच जण वाचला. तो दरी चढून वर आला, तेव्हा जगाला कळलं. आमच्याकडे बातमीला पाय लागतात, आणि चढ चढण्याइतका दम लागतो.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर जे औषध लिहून दिलं जातं, ते बिनतारी संचाचं. औषध बरोबर आहे. वॉकीटॉकीला टॉवर लागत नाही, कंपनी लागत नाही, रिचार्ज लागत नाही. एका सेटमधून निघालेली लहर थेट दुसऱ्या सेटात जाते. मध्ये डोंगर आला तर अडते, आणि पोलादपुरात डोंगर मध्येच असतात. पण डोंगरावर माणूस किंवा रिपीटर बसवला की तेही जमतं. म्हणून बैठकीत रेंजवर चर्चा होते, अँटेनावर होते, फ्रिक्वेन्सीवर होते, सेट कोणाच्या ताब्यात राहणार यावर तर फारच होते. बॅटरीवर होत नाही. बॅटरी ही सेटच्या पाठीला चिकटलेली वस्तू. आणि पाठीमागे काय चाललंय हे बघायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता एक काल्पनिक कचेरी घेऊ. कोणी अंगाला लावून घेऊ नये.

'भाऊसाहेब, या बॅटऱ्या किती वर्षांच्या?'

'सेटबरोबर आल्या त्याच, साहेब.'

'आणि सेट कधीचे?'

'ते माझ्या आधीचे.'

'मग चालतात का?'

'चालतात की. रोज चार्जिंगला असतात.'

या शेवटच्या वाक्यात बॅटरीच्या अकाली मृत्यूचं शवविच्छेदन पूर्ण होतं. रोज चार्जिंगला असतात, म्हणूनच मरतात. रोज पंगतीला बसवलेला आणि आखाड्यात कधीच न उतरवलेला पैलवान कुस्तीच्या दिवशी काय करील, तेच ही बॅटरी करते.

जुन्या सेटमध्ये निकेल-कॅडमियमची बॅटरी असते, त्यानंतरच्यांत निकेल-मेटल हायड्राइडची. या दोघींना पोट भरल्यावरही वीज पाजत राहिलं तर ती वीज साठत नाही, तिची उष्णता होते. उष्णतेनं आतला विद्राव हळूहळू आटतो, पडदे खराब होतात. स्वस्त चार्जरला 'पुरे' म्हणता येत नाही, त्यामुळे तो रात्रंदिवस पाजत राहतो. हुशार चार्जर वाढलेलं तापमान किंवा व्होल्टेजची किंचित घसरण ओळखून थांबतो. पण तो थांबतो तेव्हाच, जेव्हा आपली महावितरणची वीज त्याला सलग मिळते.

इथे आमचं स्थानिक वैशिष्ट्य. जूनपासून वीज जाते, येते, जाते, येते. अनेक चार्जरांना स्मरणशक्ती नसते. वीज आली की ते समोरची बॅटरी नव्यानं आलेली समजतात आणि पुन्हा पहिल्यापासून जोरात भरायला घेतात. भरलेलीच बॅटरी. दिवसातून जितक्या वेळा दिवे गेले, तितक्या वेळा तिला जबरदस्तीचं जेवण. गाडीतल्या चार्जरचंही तेच. जीप बंद केली, सुरू केली. दस्तुरी नाक्यावर थांबली, पुढे निघाली. प्रत्येक वेळी बॅटरीला नवं ताट. वर टपाखाली मे महिन्याचं ऊन. चाळीस अंशांपुढे चार्जिंग करू नये, असं बॅटरीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका खोक्यात असते आणि खोकं भांडारात.

आणखी एक लाडकी सवय. सेट चालू ठेवूनच चार्जरवर बसवायचा, म्हणजे संदेशही ऐकू येतात आणि बॅटरीही भरते. एका दगडात दोन पक्षी. यातला एक पक्षी म्हणजे बॅटरी, तो खरंच मरतो. सेट आपल्यासाठी वीज ओढत राहतो, चार्जरला शेवट कळत नाही, आणि भरणं संपतच नाही.

'आमचे सेट नवे आहेत, लिथियमचे आहेत' असं सांगणारेही भेटतात. अभिनंदन. लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल मिळालेली वस्तू आपल्या लोखंडी कपाटात कशी मारायची, हे शोधून काढण्याचा मान मात्र आपलाच.

तिच्या मरणाची रीत वेगळी. तिला भरल्या पोटी उन्हाळा सोसत नाही. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी चाळीस अंशांत वर्षभर ठेवली तर तिची साठवणक्षमता साधारण ६५ टक्क्यांवर येते. तीच चाळीस टक्के भरून पंचवीस अंशांत ठेवली तर वर्षानंतरही ९६ टक्क्यांच्या आसपास राहते. न वापरताच, नुसतं कुठे आणि किती भरून ठेवलं यावर एवढा फरक. आणि रिकामी करून ठेवली तर? सेल हळूहळू आणखी उतरतो, ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेला की आतलं तांबं विरघळू लागतं, संरक्षक सर्किट दार लावून घेतं आणि चार्जर तिला ओळखच दाखवत नाही. ऑक्टोबरात 'पावसाळा संपला' म्हणून उतरलेला सेट तसाच ठेवला, की जूनमध्ये असा परका होतो.

यावर आपल्याकडे एक घरगुती उपाय आहे : 'बॅटरी पूर्ण उतरवायची, मगच चार्ज करायची, नाहीतर तिला सवय लागते.' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. त्या बॅटरीचा शोध स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरनं १८९९ मध्ये लावला. थोडंच उतरवून पुन्हा पुन्हा भरलं की तिचं व्होल्टेज लवकर ढासळू लागतं हे खरं होतं, आणि मधूनमधून पूर्ण वापरून भरल्यानं ती सुधारायचीही. लिथियमला असली सवय लागत नाही. तिला तळापर्यंत उतरवणं हाच छळ. पण आपल्याकडे बॅटरी मरते, सल्ला मरत नाही. तो आता व्हॉट्सॲपवर चार्जिंगला असतो.

सल्ले झाले, आता खरेदी. खरेदीला निविदा असते आणि निविदेला सर्वांत कमी दर असतो. सेट भांडवली खर्चातून येतात, त्यांचं उद्‌घाटन होतं, फोटो होतो. फोटोत सेट कानाला लावलेले मान्यवर असतात, आणि बहुतेकांनी तो उलटा धरलेला असतो. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ येते, तेव्हा कळतं की बॅटरीला लेखाशीर्षच नाही. ती धड यंत्र नाही, धड स्टेशनरी नाही. नवा सेट मागितला तर मंजुरी मिळेल; जुन्या सेटला नवी बॅटरी मागितली तर तीन शेरे मिळतील. यात कोणाचा दोष नाही, असं सगळे सांगतात, आणि ते खरं असावं, कारण दोषालाही लेखाशीर्ष नाही.

सावित्रीचा पूल पडला तेव्हा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. मनात आणलं तर या महामार्गावर काय होऊ शकतं, याचा तो पुरावा. तेव्हा बॅटरी बदलणं अशक्य आहे असं कोणी सांगू नये. पूल दिसतो, बॅटरी दिसत नाही, एवढाच फरक.

मग खिशातल्या पैशानं बाजारातून पर्यायी बॅटरी येते. तिच्यावर मोठा आकडा छापलेला असतो. आकार मूळ बॅटरीएवढाच, वजन तिच्यापेक्षा कमी आणि क्षमता मात्र दुप्पट! अठरा मिलिमीटर जाडीचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा जो लिथियम सेल सगळीकडे वापरतात, त्यात चांगल्यात चांगला कारखानासुद्धा साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच भरू शकतो. बाजारात त्याच मापाच्या सेलवर ९९०० छापलेलं मिळतं. उरलेले सहा हजार चारशे कुठे आहेत? शाईत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये ऑनलाइन वॉकीटॉकी विकणाऱ्या मंचांना नोटिसा दिल्या, फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती लिहायला लावली. उत्तम झालं. शाईतल्या क्षमतेवरही कधीतरी कोणी नोटीस काढील, तोपर्यंत तराजू वापरा. हलकी बॅटरी ही हलकीच असते.

महाड एमआयडीसीत मात्र हा विनोद तिथेच थांबवावा लागतो. रसायनांच्या कारखान्यात जिथे ज्वलनशील वाफ असू शकते, तिथे साधा सेट नेताच येत नाही. ठिणगी पडणार नाही अशा बांधणीचा, प्रमाणित सेट लागतो. आणि ते प्रमाणपत्र सेट व बॅटरी या जोडीला असतं. नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना हे सगळं काटेकोर बघते. अशा सेटला बाजारातली दुसरी बॅटरी लावली की सेट तोच दिसतो, आवाज तोच येतो, फक्त प्रमाणपत्र निकालात निघतं. चारशे रुपये वाचवायला गेलेल्या माणसाच्या हातात मग वॉकीटॉकी राहत नाही, काडेपेटी राहते.

आता थोडं गणित. बॅटरी 'बारा तास चालते' म्हणून विकतात, ते बारा तास कुठले? हिशोब असा धरलेला असतो : शंभरातली पाच मिनिटं बोलणं, पाच मिनिटं ऐकणं, नव्वद मिनिटं गप्प बसणं. आता समजा बॅटरी १८०० मिलिअँपिअर-तासांची आहे. बोलताना सेट दीड अँपिअर खातो, ऐकताना ३०० मिलिअँपिअर, गप्प असताना ७०. सरासरी १५० च्या आसपास येते आणि बॅटरी बारा तास पुरते. हे गणित मॉलमधल्या सुरक्षारक्षकाचं आहे. पूर आल्यावर कोण गप्प बसतं? बोट कुठे आहे, दोर कुठे आहे, सुकट गल्लीत कोण अडकलंय, साहेब पोहोचले का, साहेबांची गाडी कुठे अडकली. तीस मिनिटं बोलणं, तीस ऐकणं, चाळीस गप्प, असं धरलं तर तीच नवी बॅटरी सव्वातीन तासांच्या आत संपते. आणि कपाटात राहून साठ टक्क्यांवर आलेली? दोन तासांच्या आत. पूर काही दोन तासांचा नसतो. इतिवृत्तातल्या सुस्थितीचं आयुष्य तेवढं असतं.

तेही नशीब चांगलं असलं तर. म्हाताऱ्या बॅटरीचा खरा रोग वेगळाच असतो : तिचा अंतर्गत रोध वाढतो. सेट नुसता चालू ठेवला तर ती तासन्‌तास पडद्यावर चार काड्या दाखवते, कारण गप्प बसायला वीज फारशी लागत नाही. बोलायचं बटण दाबलं की दीड अँपिअरची मागणी येते, व्होल्टेज धाडकन पडतं, आणि सेट एक 'टिंग' करून बंद होतो. सोडलं की परत चालू, परत चार काड्या. म्हणजे ऐकायला तयार, बोलायला नाही. सहा सेलच्या माळेत एकच सेल बसला तरी हेच होतं. बाकीचे पाच धडधाकट असतात, पण माळ त्या एकाच्या वेगानं चालते. समितीत काम केलेल्यांना हे अधिक उलगडून सांगायला नको.

कधीकधी बॅटरी बिचारी निर्दोष असते. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणानं तिच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो, वीज तिथेच अडते, आणि आपण चांगली बॅटरी भंगारात टाकतो. उपाय कोरड्या फडक्याचा किंवा शाळकरी खोडरबराचा आहे. त्यालाही बहुधा लेखाशीर्ष नाही.

मोबाइल टॉवरवाल्यांनी यावर हसू नये. टॉवरखालच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा नियम त्याहून कडक. त्यांचं छापील आयुष्य पंचवीस अंशांच्या तापमानासाठी असतं. त्यावर साधारण आठ-दहा अंश चढले की आयुष्य निम्मं. पत्र्याच्या खोलीत पंचवीस अंश ठेवायचे तर वातानुकूलन लागतं, त्याला वीज लागते, आणि वीज गेल्यावर उपयोगी पडाव्यात म्हणून तर या बॅटऱ्या. मग डिझेल जनरेटर. त्याचं डिझेल रस्त्यानं येतं. आणि रस्ता कुठे असतो ते वर सांगितलंच.

आता एक चांगली बातमी. महाडात वॉकीटॉकीच्या उत्तम स्थितीतल्या बॅटऱ्या बघायच्या असतील तर मंगल कार्यालयात जा. मांडववाला, केटरर, बँडवाला यांच्या मधोमध एक पोरगा सेट घेऊन धावत असतो. 'नवरदेव नाक्यावर आलाय, बँड सोड' इथपासून 'जिलेबी संपली, दुसरी पंगत अडव' इथपर्यंत सगळा कारभार त्यावर. सेट स्वस्तातला, पण बॅटरी रोज वापरली जाते, रोज उतरते, रोज भरते, आणि कमी पडली की त्याच दिवशी कळते, कारण वधूपिता समोर उभा असतो. मग दुसऱ्या दिवशी ती बदलली जाते. लग्नात बॅटरी बसली तर जिलेबीची पंगत चुकते. पुरात बसली तर काय चुकतं, हे दोन्ही तालुके जाणतात. तरी दक्षता पहिल्या ठिकाणी जास्त. कारण साधं आहे. तिथे जाब विचारणारा हजर असतो.

ट्रेकर मंडळींचंही तेच. आंबेनळीच्या दरीत २०१८ मध्ये शेकडो फूट उतरून काम करणारे स्थानिक गिर्यारोहक आपला दोर स्वतः तपासतात, कारण त्यावर स्वतः लटकायचं असतं. बॅटरी तपासणाऱ्याला बॅटरीवर लटकायला लावलं, तर महिन्याभरात सगळे संच खरोखर सुस्थितीत येतील. असा शासन निर्णय निघेल असं वाटत नाही, म्हणून साधे उपाय सांगतो. यांतल्या एकालाही निविदा लागत नाही.

पहिला : बॅटरीवर पांढरा रंग किंवा चिकटपट्टी लावून क्रमांक आणि वापरात आल्याचा महिना लिहा. खडूनं नको, पावसात जातो. सेटला क्रमांक असतो, बॅटरीला नसतो, म्हणून चांगल्या सेटची बॅटरी वाईट सेटला आणि वाईटाची चांगल्याला लागते, आणि शेवटी दोन्ही सेट वाईट होतात.

दुसरा : पावसाळ्याच्या हंगामात महिन्यातून एकदा सेट बाहेर काढा आणि बोला. नुसता चालू करून काड्या मोजू नका. बटण दाबून बोला. महाडहून पोलादपूरला, पोलादपूरहून घाटात, घाटातून परत. काय बोलायचं सुचत नसेल तर सरकारी योजना वाचून दाखवा, लांबी पुरेशी असते. किती वेळ टिकली ते वहीत लिहा. नवी असताना जेवढी टिकायची, त्याच्या ऐंशी टक्क्यांखाली आली की ती पावसाळ्याच्या कामातून निवृत्त. निवृत्तीला मुदतवाढ नाही.

तिसरा : भरली की चार्जरवरून काढा. चार्ज करताना सेट बंद ठेवा. दिवे सारखे जात असतील तर भरलेली बॅटरी चार्जरवर राहू देऊ नका. पावसाळा संपल्यावर लिथियम बॅटरी निम्मी भरून, सेटपासून वेगळी करून सावलीत ठेवा, दोन-तीन महिन्यांनी बघा, आणि मेअखेर पूर्ण भरा.

चौथा : बऱ्याच सेटना साधे पेन्सिल सेल घालायचा खोका मिळतो. चांगल्या अल्कलाइन सेलची कपाटातली मुदत दहा वर्षांपर्यंत असते. वीज चार दिवस नसली तरी ते चालतात, आणि किराणा दुकानात मिळतात. दरडीच्या वाडीत दिलेल्या प्रत्येक सेटबरोबर असा एक खोका आणि सेलचं पाकीट द्या. चार्जर देऊन काय उपयोग? वीज गेल्यावरच तर सेट आठवतो.

पाचवा : मेलेली बॅटरी सावित्रीत किंवा गांधारीत टाकू नका. कॅडमियम हे विष आहे, आणि लिथियम कचऱ्यात दाबलं गेलं तर पेटतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. विकणाऱ्याला परत द्या. तो घ्यायला कुरकुर करील. पैसे घेताना करत नव्हता, याची आठवण द्या.

एवढं सगळं करायला खर्च किती? काही सेटांच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांनी बदलायच्या, एक वही, एक खोडरबर आणि महिन्यातला एक तास. आढावा बैठकीच्या चहा-बिस्किटांत बसेल इतका. पण बॅटरीची खरी अडचण पैशाची नाहीच. ती गाजावाजा करत नाही. पूल पडतो तेव्हा आवाज होतो, डोंगर येतो तेव्हा आवाज होतो. बॅटरी अकरा महिने मुकाट्यानं मरते आणि बाराव्या महिन्यात आपण म्हणतो, 'ऐनवेळी दगा दिला.' दगा आपण दिलेला असतो, तिनं फक्त तारीख निवडलेली असते.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापुरतं एक काम. १ मे रोजी ग्रामसभा असते. झेंडावंदन झालं की घरी पळू नका. सरपंचांना, तलाठी भाऊसाहेबांना, ज्यांच्या ताब्यात गावाचा सेट आहे त्यांना एकच प्रश्न विचारा : या बॅटरीवर तारीख कुठली आहे? तारीख सांगितली तर पुढचा : हिनं शेवटचं कधी आणि किती वेळ बोलून दाखवलं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर नसेल तर तेही लिहून घ्या. आणि कोणी 'दिवा हिरवा आहे' असं म्हणालं, तर सेट त्याच्याच हातात द्या आणि सगळ्या सभेसमोर सलग दहा मिनिटं बोलायला लावा.